रक्तही किरणांच्या वाटेत असतं

प्रस्तावना

किरणोपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की पेशंटच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये एक आकडा बहुतेक वेळा घसरतो. तो असतो लिम्फोसाइटचा, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींमधल्या एका महत्त्वाच्या जातीचा. हा आकडा म्हणजे काय ते सहसा कोणी समजावून सांगत नाही, पण तो घसरल्याची बातमी पेशंटच्या आधी घरी पोचते. ‘लाईटनं रक्त जळालं’, ‘अंगात आता काही उरलं नाही, बंद करा’ असं कोणी ना कोणी म्हणतंच. मग पंचवीसपैकी चौदा-पंधरा बैठका झालेली बाई घरी बसते. गाठ तोवर लहान झालेली असते, रक्त जायचं थांबलेलं असतं, त्यामुळे ‘बरं वाटतंय की’ हेही एक कारण हाताशी असतं. ही पुस्तिका त्या बाईसाठी, तिच्या घरच्यांसाठी आणि तिच्या पाड्यावरच्या आशाताईसाठी लिहिली आहे.

खांडबारा हे नवापूर तालुक्यातलं, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं गाव. भोवती मावची, गावित, कोकणी, भिल्ल वस्तीचे पाडे. तालुक्याची हद्द गुजरातला लागून असल्यामुळे इथला मोठा आजार बहुतेकदा रेल्वेनं पश्चिमेकडे जातो. किरणोपचारासाठी कोणी सुरत गाठतं, कोणी नाशिक, कोणी थेट मुंबईचं टाटा. तिथे डॉक्टर गुजराती नाहीतर हिंदी बोलतात, रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि घरी बोलणं मावचीत चालतं. या सगळ्यांच्या मध्ये मराठी शाळेत शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी उभी असते आणि घराचा निर्णय त्या पोराच्या समजुतीवर ठरतो. पुस्तिका मराठीत लिहिण्याचं माझं खरं कारण ते पोर आहे.

आता मूळ गोष्ट. विल्हेल्म रोंटगेननं क्ष-किरण शोधले १८९५ साली. त्यानंतर आठच वर्षांनी, १९०३ मध्ये, जर्मनीतल्या हाइनेके या डॉक्टरनं प्राण्यांवर किरण सोडून पाहिलं की प्लीहा आणि लसीकाग्रंथींमधल्या पेशी इतर कोणत्याही अवयवाच्या आधी मरतात. १९०६ मध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच संशोधकांनी एक नियम मांडला: ज्या पेशी भराभर विभागतात, त्यांच्यावर किरणांचा मारा जास्त बसतो. कॅन्सरच्या पेशी विभागत राहतात म्हणून किरणांनी मरतात, हे आजही याच नियमानं सांगितलं जातं. लिम्फोसाइट मात्र या नियमात बसत नाही. रक्तात फिरणारा लिम्फोसाइट बहुतेक वेळ विभागत नसतो, शांत असतो, तरीही किरणांची अगदी थोडी मात्रा लागली की तो काही तासांतच स्वतःला संपवतो. डीएनएला इजा झाली की दुरुस्त करत बसण्यापेक्षा मरून जाणं, अशीच त्याची घडण आहे. आणि त्यामागे कारण आहे. बिघडलेला लिम्फोसाइट जिवंत राहून वाढत गेला तर त्यातून शरीरावरच उलटणारी फौज तयार होऊ शकते, कधी रक्ताचा कॅन्सरही होतो.

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. दीड ते दोन ग्रे मात्रेत निम्म्याच्या आसपास लिम्फोसाइट मरतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून पंचेचाळीस ते पन्नास ग्रे दिले जातात आणि त्यानंतर आतून वेगळे. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला ही मात्रा साठ ते सत्तरपर्यंत जाते. अर्थात ती मात्रा गाठीला असते, सगळ्या अंगाला नव्हे. मग छातीतल्या, पायातल्या, डोक्यातल्या लिम्फोसाइटवर परिणाम का व्हावा? कारण रक्त एका जागी थांबत नाही. शेताच्या एका वाफ्यावर औषध फवारावं आणि त्याच वाफ्यातून पाण्याचा पाट वाहत असावा, तसं हे आहे. फवारा वाफ्यापुरताच असला तरी पाटातलं पाणी येत-जात राहतं आणि महिनाभरात त्यातल्या बहुतेक पाण्याला औषध लागतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मेंदूच्या गाठीसाठी याचा हिशेब मांडला. साठ ग्रेचा उपचार तीस बैठकांत दिला, तर शेवटी रक्तातल्या जवळपास ९९ टक्के पेशींना किमान अर्धा ग्रे तरी लागलेला असतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे डोक्यापुरता दिलेला उपचारही रक्ताच्या वाटेनं सगळ्या शरीराचा होतो.

ओटीपोटावर किरण दिले जातात तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. प्रौढ माणसाच्या रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचा मोठा हिस्सा, साधारण चाळीस टक्के, कंबरेच्या आणि माकडहाडाच्या भागात असतो. म्हणून गर्भाशयमुखाच्या पेशंटमध्ये फिरणारं रक्तही सापडतं आणि नवं रक्त बनण्याची जागाही. त्यात दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाईन असतं, तेही मज्जेवर ताण टाकतं. या भागातल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर दिसतो आणि तंबाखू, मिश्रीमुळे तोंडाचा. दोन्ही आजारांत किरण हा उपचाराचा मोठा भाग असतो, म्हणून पुस्तिकेतली बरीचशी पानं या दोन आजारांना दिली आहेत.

रिपोर्ट कसा वाचायचा ते इथेच दाखवतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. समजा चौथ्या आठवड्याच्या कागदावर एकूण पांढऱ्या पेशी ३,५०० लिहिल्या आहेत. खाली न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींची दुसरी जात, ८० टक्के आणि लिम्फोसाइट १० टक्के. टक्के पाहून काही कळत नाही, गुणाकार करायचा. ३,५०० चे ८० टक्के म्हणजे २,८०० न्यूट्रोफिल. हा आकडा चांगला आहे. ३,५०० चे १० टक्के म्हणजे ३५० लिम्फोसाइट. निरोगी माणसात हे साधारण १,००० ते ४,००० असतात. ५०० च्या खाली गेले तर डॉक्टरी भाषेत ती तिसऱ्या श्रेणीची घट, २०० च्या खाली चौथ्या श्रेणीची. मग एवढी घट असताना डॉक्टर ‘काउंट ठीक आहे, उद्या या’ असं का म्हणतात? कारण उपचार थांबवायचा की नाही हे मुख्यतः न्यूट्रोफिल आणि प्लेटलेटवर ठरतं. जीवघेणा जंतुसंसर्ग अंगात लगेच पसरण्याचा धोका न्यूट्रोफिल कमी झाल्यावर असतो. लिम्फोसाइट कमी झाले म्हणून किरण थांबवत नाहीत आणि माझ्या मते थांबवू नयेतच. न्यूट्रोफिल वाढवण्याचं इंजेक्शन मिळतं, त्यानं लिम्फोसाइट वाढत नाहीत. न्यूट्रोफिल काही आठवड्यांत पूर्ववत होतात. लिम्फोसाइटना महिने लागतात, काहींना वर्षही लागतं.

सगळे लिम्फोसाइट सारखेच मरतात असंही नाही. प्रतिद्रव्यं तयार करणाऱ्या कुळातल्या बी पेशी सर्वांत आधी जातात. अजून कोणत्याच शत्रूशी गाठ न पडलेल्या कोऱ्या टी पेशीही लवकर जातात. अनुभव घेतलेल्या टी पेशी जरा जास्त टिकतात. प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या, नियामक टी पेशी त्यांच्याहून चिवट ठरतात आणि ही बाब गैरसोयीची आहे, कारण कॅन्सरची गाठ याच लगामाच्या आडोशाला लपते. भक्षक पेशी किरणांना बऱ्यापैकी दाद देत नाहीत. २०१९ मध्ये शिकागोच्या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये दाखवलं की गाठीच्या आत आधीपासून मुक्काम केलेल्या टी पेशी रक्तातल्या पेशींपेक्षा पुष्कळ जास्त किरण सोसतात. या एका निरीक्षणानं चित्र बदलतं. रिपोर्टमधला आकडा रक्ताचा असतो. गाठीच्या आत काय चाललं आहे ते त्यातून कळतच नाही.

आता दुसरी बाजू, जिच्यासाठी हा विषय मला इतका महत्त्वाचा वाटतो. किरण प्रतिकाराला मारतात तसं त्याला जागंही करतात. कॅन्सरची पेशी किरणांनी मरताना आपल्या पृष्ठभागावर ‘मला खा’ अशी खूण आणते, धोक्याचे रेणू बाहेर टाकते, आणि तिच्या केंद्रकातून निसटलेले डीएनएचे तुकडे विषाणू घुसल्यासारखा गजर वाजवतात. त्या गजरानं इंटरफेरॉन सुटतं. जवळच्या पेशी मेलेल्या पेशीचे अवशेष उचलून लसीकाग्रंथीत नेतात आणि तिथे टी पेशींना शत्रूचा चेहरा दाखवतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर हा चेहरा खरोखरच परका असतो, कारण तो जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि विषाणूची प्रथिनं गाठीच्या पेशींमध्ये शेवटपर्यंत तयार होत राहतात. १९७९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. ज्या उंदरांच्या टी पेशी काढून टाकल्या होत्या, त्यांची गाठ बरी करायला साधारण दुप्पट किरण लागले. किरण एकटे गाठ मारत नाहीत, पेशींची साथ त्यांना लागते, हे यातून स्पष्टपणे पुढे आलं.

या विषयातली सर्वांत गाजलेली घटना म्हणजे एका जागी किरण दिले आणि दूरची, किरण न लागलेली गाठही विरघळली. ब्रिटनच्या आर. एच. मोल यांनी १९५३ मध्ये अशा परिणामांना नाव दिलं. २०१२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये त्वचेच्या कॅन्सरच्या एका पेशंटमध्ये इम्युनोथेरपीसोबत, म्हणजे प्रतिकाराला चेतवणाऱ्या औषधासोबत, असा परिणाम दिसला आणि तो पेशींच्या पातळीवर तपासताही आला. तेव्हापासून वर्तमानपत्रांना हा विषय आवडू लागला. मला तो आशादायक वाटतो, पण अशा घटना फार दुर्मीळ आहेत आणि त्यांच्या भरवशावर कोणी उपचाराचा बेत आखू नये.

इम्युनोथेरपीची औषधं आल्यावर किरण आणि प्रतिकार यांच्या नात्याला व्यवहारात मोल आलं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पुढच्या टप्प्यातल्या पेशंटना किरण आणि केमो संपल्यानंतर वर्षभर डुरव्हालुमॅब दिल्यावर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ३३ वरून सुमारे ४३ टक्क्यांवर गेलं. हे यश पाहून डोकं-मान भागाच्या कॅन्सरमध्ये किरणांच्या सोबतीनंच असं औषध देण्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले आणि फायदा दिसला नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्येही पहिली मोठी चाचणी फसली. पण पेम्ब्रोलिझुमॅबच्या दुसऱ्या चाचणीत तीन वर्षांनी जिवंत राहिलेल्या बायकांचं प्रमाण जवळपास ७५ वरून ८३ टक्क्यांवर गेलं, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. एकाच घराण्यातली औषधं एका ठिकाणी चालतात आणि दुसऱ्या ठिकाणी का चालत नाहीत, याची कारणं अजून शोधली जात आहेत. त्यातलं एक कारण अनेक तज्ज्ञांना पटतं. मानेवर किरण देताना खबरदारी म्हणून दोन्ही बाजूंच्या लसीकाग्रंथींवर किरण दिले जातात, आणि टी पेशी जिथे शिकतात ती शाळाच त्या काळात बंद पडते.

या औषधांची किंमत खांडबाऱ्याच्या घराला ऐकवणंसुद्धा जड जातं. म्हणून टाटा मेमोरियलच्या विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष यांच्या गटानं केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. डोकं-मान भागाच्या बऱ्या न होऊ शकणाऱ्या कॅन्सरमध्ये त्यांनी निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम मात्रेत, तोंडानं घ्यायच्या स्वस्त औषधांसोबत दिलं. नेहमीची मात्रा याच्या दहापटीहून जास्त असते. वर्षभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही चाचणी किरणांची नव्हती, पण प्रतिकारशक्तीला हात घालणारा उपचार गरिबाच्या आवाक्यात आणता येतो हे तिनं दाखवलं.

टाटा मेमोरियल १९४१ मध्ये परळला सुरू झालं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आलं. अणुऊर्जेचं खातं आणि कॅन्सरचं रुग्णालय एकाच छत्राखाली असल्यामुळे पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रानं भाभाट्रॉन हे देशी कोबाल्ट यंत्र घडवलं आणि ते टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात बसलं. याच परंपरेत कमल रणदिवे यांचं नाव येतं. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या या बाईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, आणि अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचाही अभ्यास केला. प्रयोगशाळेतली पेशी आणि पाड्यावरचं पोर या दोन्हींकडे एकाच माणसानं इतक्या गांभीर्यानं पाहिल्याचं उदाहरण मला आपल्याकडे दुसरं आठवत नाही.

टाटामधल्याच एका मोठ्या चाचणीचा उल्लेख इथे मुद्दाम करतो, कारण घसरलेल्या आकड्याला घाबरणाऱ्यांना त्यातून सरळ उत्तर मिळतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायकांना दोन गटांत घेतलं. एका गटाला फक्त किरण दिले, दुसऱ्याला किरणांसोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. दुसऱ्या गटात रक्ताचे आकडे जास्त घसरले. तरीही पाच वर्षांनी त्या गटातल्या ५४ टक्के बायका जिवंत होत्या आणि पहिल्या गटातल्या ४६ टक्के. हे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. लिम्फोसाइट खूप कमी झालेल्या पेशंटचं आयुष्य कमी राहतं असं अनेक अभ्यासांत दिसतं, ते खोटं नाही. पण ती घटच त्याला जबाबदार आहे, की मोठी गाठ आणि मोठं किरणक्षेत्र हीच दोन्हींची मुळं आहेत, हा वाद मिटलेला नाही. उपचार अर्धवट सोडला तर जीव जातो, याबद्दल मात्र वाद नाही. गर्भाशयमुखाचा पूर्ण उपचार, आतल्या किरणांसकट, साधारण आठ आठवड्यांत संपायला हवा. त्यापुढे जाणाऱ्या प्रत्येक दिवसाला गाठ आवरण्याची शक्यता सुमारे एका टक्क्यानं घटते.

मग लिम्फोसाइट वाचवण्यासाठी काही करता येत नाही का? येतं, आणि ते काम डॉक्टरांचं आहे. किरणांचं क्षेत्र शक्य तितकं आटोपशीर ठेवायचं, कंबरेच्या हाडांतली मज्जा जपायची, बैठका कमी करायच्या. ॲक्ट्रेकच्या सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या ३०० पेशंटमध्ये दाखवलं की प्रतिमा पाहून नेमके दिलेले किरण आतड्याचा उशिरा होणारा त्रास निम्म्यावर आणतात. हाच नेमकेपणा मज्जेच्याही कामी येऊ शकतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पूर्वी पाच आठवडे चालणारा उपचार आता बहुधा तीन आठवड्यांत, पंधरा बैठकांत होतो. बैठका कमी म्हणजे रक्ताच्या फेऱ्याही कमी आणि रेल्वेच्याही. ज्या ठिकाणी कमी बैठका तितक्याच गुणकारी ठरल्या आहेत, तिथे त्या मागण्याचा आपल्या भागातल्या पेशंटला पूर्ण हक्क आहे.

इथल्या पेशंटच्या तीन गोष्टी मोठ्या शहरातल्या डॉक्टरला आपणहून सांगाव्या लागतात. पहिली सिकलसेल. नंदुरबार जिल्ह्यात तो मोठ्या प्रमाणात आहे आणि अनेकांच्या घरी लाल किंवा पिवळं कार्ड असतं. ते कार्ड कागदांच्या पिशवीत सर्वांत वर ठेवा. सिकलसेलच्या पेशंटची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, म्हणजे प्रतिकाराचा एक अवयव आधीच गेलेला असतो. शिवाय रक्त कमी असलं की गाठीला ऑक्सिजन कमी पोचतो, आणि ऑक्सिजन नसलेली पेशी मारायला अडीच ते तीनपट किरण लागतात. रक्त चढवायचं की नाही आणि कसं, हा निर्णय सिकलसेलमध्ये वेगळ्या पद्धतीनं होतो, म्हणून डॉक्टरला कार्ड दिसायला हवं. दुसरी गोष्ट टीबी. घरात पूर्वी कोणाला झाला असेल तर सांगा, आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर लपवू नका. लिम्फोसाइट कमी असताना दबून राहिलेला टीबी डोकं वर काढू शकतो. तिसरी गोष्ट गावाकडच्या ओढीची. होळीला गाव सोडून राहणं आपल्याकडे कोणाला जमत नाही, ऊसतोडीच्या हंगामात घरातली माणसं बाहेर असतात, पेशंटसोबत थांबायला कोणी उरत नाही. उपचाराच्या तारखा ठरतानाच हे डॉक्टरला सांगितलं तर वाट निघते. न सांगता निघून आलं तर ती बंद होते.

खाण्याबद्दल थोडंच लिहिलं आहे, कारण थोडंच लिहिण्यासारखं आहे. नवापूरची तूरडाळ, अंडी, मासे, भात, नागलीची भाकर, उकळून गार केलेलं पाणी. ‘इम्युनिटी वाढते’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या पावडरींनी किरणांनी मेलेले लिम्फोसाइट परत आल्याचं कोणत्याही भरवशाच्या अभ्यासात दिसलेलं नाही. तो पैसा सोबत थांबणाऱ्या माणसाच्या जेवणावर खर्च करा. किरणोपचाराचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो, पण सोबतीच्या माणसाची रोजंदारी बुडते ती कोणतीच योजना भरून देत नाही. गावानं वर्गणी काढायचीच असेल तर ती त्यासाठी काढावी.

वाचणाऱ्याला एक विनंती आहे. तुमच्या पाड्यावर कोणाची लाईट अर्धवट राहिली असेल, तर पुस्तिका नंतर वाचा, आधी तिच्या घरी जा. जुने रिपोर्ट, किरणांचा तक्ता आणि सिकलसेलचं कार्ड एका पिशवीत घाला आणि त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांपुढे उभं करा. खंड पडला म्हणून ते रागावतील, हाकलून देतील, अशी भीती अनेकांना वाटते. पडलेल्या दिवसांचा हिशेब करून उरलेला उपचार बसवण्याची पद्धत किरणोपचारात ठरलेली आहे, आणि खंड जितका लहान तितकी ती जास्त उपयोगी पडते.